जुने लेथ घेताय? भावाखेरीजचा खर्च आधी मोजा

घरच्या शेडमध्ये छोटे वर्कशॉप थाटायचे असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यात जुने मशीन मिळणे अवघड नाही. ते घरी येऊन फिरू लागेपर्यंत आणखी किती लागतील, हे मात्र विकणारा सांगत नाही. ठरलेल्या भावाच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवा.

शोध बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती आणि चंद्रपूर एमआयडीसीतल्या बंद किंवा बंद होत आलेल्या रिपेअरिंग वर्कशॉपपासून सुरू करा. लेथ, शेपर, पिलर ड्रिल तिथे सापडतात. तुम्ही गडचिरोलीत असाल तर निवड कमी. चंद्रपूर किंवा थेट नागपूरची हिंगणा एमआयडीसी गाठा. सरकारी आयटीआयमधली निर्लेखित मशीनही लिलावात निघतात. त्यांचा बेड सहसा कमी झिजलेला असतो, हँडल आणि गियर मात्र शिकाऊ हातांनी दणकलेले.

वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) किंवा आयुध निर्माणीच्या ऑनलाइन लिलावाचा मोह एका मशीनसाठी नको. पॅन, जीएसटी नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी, अनामत रक्कम, एवढे करून माल लॉटनेच आणि ‘जसा आहे, जिथे आहे’ मिळणार. मुदतीत उचलला नाही तर जागाभाडे चढते. लॉट घेतलेल्या भंगार व्यापाऱ्याकडून हवे ते एक मशीन निवडणे परवडते.

भाव ठरवताना बिडाच्या भंगाराचा त्या दिवसाचा दर विचारा. साडेचार फुटी हलके लेथ साधारण 500 ते 700 किलोचे. दर 30 रुपये धरला, तर 600 किलोचे 18,000. हा तळ. चालू, सरळ बेडच्या मशीनला याच्या दोन-तीन पट देणे मला रास्त वाटते. त्यापुढे मागणी गेली तर राजकोट किंवा बटाल्याच्या नव्या मशीनचा भाव आधी काढा. सांगितलेला भाव जीएसटीसह की वगळून, हेही विचारा. तुमची नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही.

पाहायला जाताना ओळखीचा टर्नर सोबत घ्या आणि मशीन चालू करूनच पाहा. नवा रंग बघू नका. कॅरेज बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवा. चकजवळ सैल आणि टेलस्टॉककडे जड होत असेल, तर चकजवळचा बेड खाल्ला गेला आहे. त्याचे ग्राइंडिंग मशीनच्या किमतीवर जाऊ शकते. असले मशीन सोडून द्या. चकमध्ये हातभर लांब जाड रॉड पकडा, स्पिंडलवर डायल गेज लावा, रॉड वर-खाली दाबा. काटा हलला तर बेअरिंग नुसते आवळून भागेल की बदलावे लागेल, हे टर्नर सांगेल. क्रॉस स्लाइडचे हँडल थोडे मोकळे फिरले तर घाबरू नका, नट नवा करता येतो. आटे पाडायचे चेंज गियर मात्र मोजून ताब्यात घ्या. चक, टूल पोस्ट, टेलस्टॉक ‘नंतर देतो’ म्हटले की ते गेले समजा.

वीज हा सर्वांत दुर्लक्षित खर्च. जुन्या लेथला बहुधा थ्री फेज मोटर असते. घरी सिंगल फेज असेल तर 2 एचपीपर्यंत व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावून भागते. 8 ते 12 हजार हाताशी ठेवा. मोटरमधून सहा वायरी निघत असतील आणि ती डेल्टात 230 व्होल्टवर चालणारी असेल तर काम सोपे, नाहीतर सिंगल फेज मोटर बसवा. अर्थिंग नवे करा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर लेथ चालवू नका. घरगुती मीटरवर पैसे घेऊन बाहेरची कामे ठराविक युनिटपर्यंतच चालतात, ती मर्यादा आधी विचारा. शेतीपंपाच्या जोडणीचा असा वापर वीज कायद्याच्या कलम 126 खाली येतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. धंदाच करायचा असेल तर महावितरणकडे औद्योगिक जोडणी मागा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्याला काही देऊ नका.

वाहतुकीत गाडीभाडे, दोन्ही ठिकाणची हायड्रा क्रेन आणि हमाली वेगवेगळी धरा. हायड्रावाला किमान किती तासांचे घेतो आणि येण्या-जाण्याचे वेगळे लावतो का, हे फोनवरच ठरवा. हेडस्टॉककडे वजन जास्त, हे उचलताना लक्षात ठेवा आणि पट्टा लीड स्क्रूला कधीच अडकवू देऊ नका. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे नेणार असाल तर पावसाळा टाळा. नोंदणीकृत व्यापाऱ्याचा माल राज्यात 1 लाखावर आणि तेलंगण-छत्तीसगडमधून येताना 50,000 वर असेल, तर ई-वे बिल हवेच.

खाणपट्ट्यात चोरीचे लोखंड फिरते, म्हणून कागद सोडू नका. बिल किंवा विक्रीपत्र, विकणाऱ्याच्या आधारची प्रत, नेमप्लेटवरच्या नंबरचा फोटो आणि मशीनवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र घ्या. लॉटमध्ये लाकूड कापायचे आरा मशीन येत असेल तर ते नाकारा. त्याला वनखात्याचा परवाना लागतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीत ते प्रकरण महागात पडते. इसार बँकेतूनच द्या, उरलेली रक्कम मशीन गियरसह गाडीत चढल्यावर.