पाणी नितळ आहे, पण...

ग्लासातलं पाणी नितळ दिसलं की आपण बिनधास्त पितो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय गेला तो विहिरीच्या पाण्यावर. गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती, पण विहिरीचं पाणी फिल्टर न होता, फक्त क्लोरीन टाकून मिळत होतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला.

आता हिशोब करू. पाणी १ लाख लिटर, डोस लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन. टीसीएल पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन धरला तर पावडर साधारण ६०० ग्रॅम. पण पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो. पाणी गढूळ असेल तर गाळच तो खातो. म्हणून किती टाकला यापेक्षा नळाला किती उरला हे महत्त्वाचं. आयएस १०५०० प्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. ओटी टेस्ट सोपी आहे: ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर उकळूनच प्या.

आपल्या होस्टेलच्या नळाला ही टेस्ट शेवटची कधी झाली? रेक्टर सरांना विचारूया का?