चुकलेल्या तारखेची किंमत : सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांसाठी

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मूल घातलं की खर्चाचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण फी नसते. हिशेब तरीही असतो. आठवीतल्या मुलीला चार वर्षांत ४८,००० रुपये मिळवून देऊ शकणारी परीक्षा आहे, तिचा अर्ज शाळेतूनच भरला जातो आणि घरी त्याचा पत्ताच नसतो. अर्जाची मुदत टळली की ती संधी गेली, आणि ती किती मोठी होती हे त्या घराला कधी कळतही नाही. सरकारी शाळेचा सगळ्यात मोठा खर्च मला हाच वाटतो. म्हणून या लेखात आधी फुकट काय आहे ते सांगतो आणि मग तारखांकडे वळतो.

फुकट म्हणजे नेमकं काय

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते आठवी प्रवेश फी, सत्र फी, परीक्षा फी, देणगी यातलं काहीही सरकारी शाळा मागू शकत नाही. जन्माचा दाखला हाताशी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. बदलून आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी त्याला आधी वर्गात बसवायचं असतं. मुकादमाबरोबर किंवा बांधकामावर फिरणाऱ्या कुटुंबांनी हे दोन मुद्दे पाठच करून ठेवावेत.

बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत मोफत. दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंत. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. पातळ वरणभातात एवढं बसत नाही. म्हणून अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत शाळेत जाऊन ताट बघायला काहीच हरकत नाही.

गणवेशाबाबत मात्र पालकांचा बराच गोंधळ असतो. समग्र शिक्षा योजनेतून सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना दोन गणवेश मिळतात. त्यासाठी दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये धरलेले आहेत. २०२३ पासून राज्य सरकारने उरलेल्या मुलांनाही यात घेतलं आणि बूट-मोज्यांसाठी १७० रुपये दिले. २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्यासाठी एकच कापड वरून पाठवायचा प्रयोग झाला आणि ठिकठिकाणी मुलांना गणवेश काही महिने उशिरा मिळाले. त्यानंतर गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. म्हणजे कापड कुठे अडलंय हे विचारायला आता तालुक्याला जावं लागत नाही, ते शाळेतच विचारायचं.

मुलगी पाचवीपासून पुढच्या गावी शिकायला जात असेल तर एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत आहे. मुलांना सवलतीत मिळतो, त्यांना तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात.

आणखी एक योजना आहे. तिची गरज कुणालाच पडू नये, पण माहीत मात्र असावी. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेतून पालकांना दीड लाख रुपये सानुग्रह अनुदान मिळतं. कायमचं अपंगत्व आलं तर त्यासाठीही तरतूद आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. दुःखात बुडालेल्या घराला हे सुचत नाही, तेव्हा शेजारपाजारच्या पालकांनी आठवण करून द्यावी.

खिशातून जातात ते वह्या, दप्तर, सहल आणि स्नेहसंमेलनाचे पैसे. ते कुणी ‘ऐच्छिक’ म्हणून मागितले तर पावती मागा. पावती मिळत नसेल तर तो पैसा ऐच्छिक नाही.

जूनमध्येच करून ठेवायची कामं

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा निरोप येतो : ‘शिष्यवृत्ती फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला दोन दिवसांत जमा करावा.’ तहसीलच्या दाखल्याची ठरलेली मुदतच १५ दिवसांची आहे. दोन दिवसांत तो आणायचा म्हणजे दलालाला गाठणं आलं, नाहीतर अर्ज सोडून देणं आलं. म्हणून उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला अर्जाची वाट न बघता मे-जूनमध्येच काढून ठेवावा. सेतू केंद्रात शुल्काचा फलक लावलेला असतो, तेवढेच पैसे द्यायचे. ५०० रुपयांचा स्टँप लागेल असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. शैक्षणिक कामाच्या दाखल्यांसाठीचं मुद्रांक शुल्क सरकारने २०२५ मध्ये माफ केलंय, साध्या कागदावरचं स्वयंघोषित प्रतिज्ञापत्र चालतं.

दुसरं काम बँकेचं. शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यात जमा होतात आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते परत जातात. मुलाच्या नावाचं शून्य शिलकीचं खातं उघडून ते जोडून घ्यायचं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर मुलाच्या बोटांचे ठसे आधारवर नव्याने द्यावे लागतात. वेळेत गेलात तर ते मोफत होतं.

तिसरं काम सगळ्यात सोपं, पण तेच राहून जातं. मुख्याध्यापकांना सांगून जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद एकदा डोळ्यांनी बघा. ‘सुरज’ की ‘सूरज’, आडनावातला ‘ळ’ की ‘ल’, जन्मतारीख, जात आणि पोटजात. हेच नाव पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर छापलं जातं आणि आधारवर वेगळं असेल तर प्रत्येक अर्ज तिथे अडकतो. मूल शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्ती अर्ज आणि पुराव्यावर होते. दहावी होऊन शाळा सुटली की हेच काम फार जड जातं.

वर्षभराच्या तारखा

नेमकी तारीख दरवर्षी बदलते, हंगाम साधारण तोच राहतो. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. पहिलीत जाणाऱ्या मुलाचं वय ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवं.

पावसाळ्यातली मोठी तारीख जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जाची. मूल पाचवीत असतं तेव्हा सहावीतल्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो. अर्जाला पैसे नाहीत. परीक्षा हिवाळ्यात होते, मराठीतून देता येते : ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत आणि राहणं, जेवण, शिक्षण मोफत आहे. ही परीक्षा एकदाच देता येते. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं इथे चालत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेत नुकताच मोठा बदल झालाय आणि तो अजून सगळ्या घरांत पोचलेला नाही. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होती. सरकारने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचं ठरवलंय. २०२५-२६ हे सांध्याचं वर्ष, त्यात दोन्हीकडच्या परीक्षा ठेवल्या, आणि त्यापुढे फक्त चौथी-सातवी. चौथीनंतर वर्षाला ५,००० आणि सातवीनंतर ७,५०० रुपये, अशी रक्कम आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं शुल्क खुल्या वर्गासाठी २००, राखीव वर्गासाठी १२५ रुपये. काही जिल्हा परिषदा ते स्वतःच्या निधीतून भरतात, म्हणून पैसे काढण्याआधी विचारून घ्या. पेपर दोन : पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, प्रत्येकी १५० गुणांचे. खासगी क्लास लावलाच पाहिजे असं मला वाटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका रोज थोड्या सोडवून घेणारे शिक्षक आणि त्या तपासायला बसणारी थोरली बहीण, एवढ्यावर गावोगावची मुलं गुणवत्ता यादीत आलेली आहेत.

आता एनएमएमएस, म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप. सुरुवातीला सांगितलेली ४८,००० रुपयांची परीक्षा ती हीच. लांबलचक नावामुळे ही परीक्षा मागे पडते आणि घराला सगळ्यात जास्त आधार हीच देते. आठवीत, सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अशा मुलांसाठी ती आहे. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. अर्ज पावसाळ्यानंतर निघतात, परीक्षा बहुतेक डिसेंबरात. ९० प्रश्न बुद्धिमत्तेचे आणि ९० शालेय विषयांचे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. मराठा किंवा कुणबी मुलं परीक्षेत उत्तीर्ण झाली पण निवड यादीत आली नाहीत, तर त्यांच्यासाठी ‘सारथी’ या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि ‘यादीत नाव नाही’ म्हणून हिरमुसलेलं घर नेमकं तोच भरायचा राहू देतं.

एनएमएमएस मिळाल्यावरही काम संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. मूल आठवीनंतर झेडपीची शाळा सोडून दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातं. जुन्या गुरुजींना वाटतं आता नवी शाळा बघेल, नव्या शाळेला हे मूल शिष्यवृत्तीधारक आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे नववीत प्रवेश घेताना निवड यादीची प्रत हातात घेऊन जा आणि नव्या मुख्याध्यापकांना दाखवा. दहावीला ६० टक्के पडले तरच अकरावीत ही रक्कम चालू राहते, अनुसूचित जाती-जमातींना ५५.

एप्रिलमध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा असते. ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ हे आता खरं राहिलेलं नाही. २०२३ च्या बदलानंतर या दोन इयत्तांत नापास झालेल्या मुलाची फेरपरीक्षा होते आणि त्यातही तो मागे राहिला तर त्याच वर्गात बसतो. फेरपरीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास येते, म्हणजे मामाच्या गावाला जायच्या आधी शाळेत चौकशी करून जा.

निरोप घरी का पोचत नाही

शिक्षक निरोप देतात, याबद्दल मला शंका नाही. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, रोजची ऑनलाइन माहिती यांतून वेळ काढून ते ग्रुपवर टाकतात. पण स्मार्टफोन बापाजवळ शेतात किंवा ट्रकवर असतो, अभ्यास आईसमोर होतो, आणि शुभ सकाळच्या चित्रांमध्ये तो एक निरोप वर सरकून जातो.

ऊसतोड कुटुंबांचं तर विचारायलाच नको. बीड, जालना, अहिल्यानगर भागातली कोयती दसरा-दिवाळीला निघतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. वर सांगितलेल्या बहुतेक अर्जांचा आणि परीक्षांचा काळ नेमका तोच. मूल आजीजवळ ठेवून जाणाऱ्यांनी शाळेत दोन गोष्टी विचाराव्यात. यंदा हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, आणि मूल बरोबर नेलं तर शिक्षण हमी पत्रक मिळेल का. ते कार्ड दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला लगेच बसता येतं. निघण्याआधी शाळेत आजीचा किंवा चुलत्याचा फोन नंबर लिहून द्या, आणि दाखल्यांची एक प्रत वर्गशिक्षकांकडे ठेवून जा.

यावर मला पटलेला उपाय साधा आहे. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, एक फळा. त्यावर तीनच रकाने : कोणता अर्ज, कोणत्या इयत्तेचा, शेवटची तारीख. हे काम शाळा व्यवस्थापन समितीने करावं. कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. समग्र शिक्षातून शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. तीसपर्यंत पट असलेल्या छोट्या शाळेलाही त्यातून १०,००० रुपये धरलेले आहेत, शंभर ते अडीचशे पटाला ५०,०००. एका फळ्याला आणि रंगाला त्यातले किती लागतील? महिन्याच्या बैठकीत फळ्यावरच्या पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा वाचून दाखवायचा ठराव करून घ्या. बैठकीला आईने जावं हे बरं, कारण मुलाची इयत्ता, वही आणि ताप तिला पाठ असतो.

दहावीनंतर

नववी-दहावीत पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि खर्च वाढत जातो. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय. त्या वर्षी नोंदणीला १०० रुपये होते आणि दहा पसंतीक्रम देता येत होते. तालुक्यापासून लांबच्या गावांत सायबर कॅफेवाला भरेल तो पसंतीक्रम अंतिम ठरतो. हे टाळायला आधी घरी कागदावर महाविद्यालयांची नावं उतरवून, एसटीच्या वेळा बघून मग अर्ज भरायला बसा. प्रत्येक फेरीची मुदत काही दिवसांचीच असते आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत थांबावं लागतं.

मुलीचं शिक्षण पैशाअभावी बारावीला थांबवायचं ठरत असेल तर एक गोष्ट नक्की ऐका. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश शासकीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी लागू होत नाही.

एखादी माहिती शाळेतून मिळतच नसेल तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), या क्रमाने लेखी अर्ज द्या आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.