चिनी सणांची शब्दओळख

दिंद्रुडसारख्या गावात चिनी शब्द शिकून काय करायचे, असा प्रश्न वाचक बंधुभगिनींना पडणे स्वाभाविक आहे. आम्हालाही तो पडला होता. १९६२ च्या युद्धापलीकडे चीनविषयी आपल्या कानावर फारसे येत नाही. परंतु ज्या देशात 'बुद्ध' हा शब्द 'फो' होऊन रुजला, त्या देशाचे सणवार आपल्याला ठाऊक असावेत, या हेतूने हा छोटासा पाठ देत आहोत.

प्रथम उच्चार. क-ख, त-थ, प-फ असा भेद चिनीतही आहे. मराठी जिभेला तो जड नाही. अडचण आहे ती सुरांची. प्रमाण चिनीत चार सूर आहेत. 'माय' हा शब्द खाली नेऊन वर उचलला तर 'विकत घेणे', वरून झटकन खाली आणला तर 'विकणे'! आम्हा बँकेतल्या कारकुनांनी तर फारच जपावे.

आता शब्द. 'च्ये' म्हणजे सण.

१) छुन-च्ये : वसंताचा सण, म्हणजेच चिनी नववर्ष. शुभेच्छा देताना 'शिन न्येन ख्वाय-ल' म्हणतात. शिन म्हणजे नवे, न्येन म्हणजे वर्ष, ख्वाय-ल म्हणजे आनंदी.

२) चोंग-छ्यू-च्ये : आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. आपल्या कोजागिरीप्रमाणे घरची मंडळी चंद्र पाहत बसतात.

३) ला-पा : बाराव्या महिन्याची अष्टमी. 'पा' म्हणजे आठ. चिनी बौद्ध परंपरेत हा तथागतांच्या संबोधीचा दिवस. विहारांतून धान्य-कडधान्यांची पेज वाटतात. तिच्यामागे सुजातेच्या खिरीची आठवण आहे.

४) छिंग-मिंग-च्ये : साधारणपणे ४ किंवा ५ एप्रिल. या दिवशी पूर्वजांच्या समाध्या झाडून स्वच्छ करतात.

या चौथ्या शब्दापाशी थोडे थांबावे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव 'यिनह्वा' होते; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. शिच्याच्वांग शहरातील त्यांच्या समाधीवर छिंग-मिंगला चिनी लोक फुले वाहतात.

नवशिका मात्र येथेच चुकतो. सण म्हटला की तो 'ख्वाय-ल' म्हणून मोकळा होतो! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर कोणी आपल्याला आनंदाच्या शुभेच्छा दिल्या तर कसे वाटेल? म्हणून मुलांकडून हे शब्द घोकून घेण्याआधी प्रत्येक दिवसाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा, एवढीच विनंती.