मालकाविरुद्धही तक्रार होते

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबाला होते. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की काट्याच्या नोंदी रात्रीपर्यंत चालायच्या. त्या वेळी शेठ खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवायचे, माझ्या अंगावरून बोलायचे. घरी पोचले की मेसेज सुरू. मी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं, तेव्हा पगार अडवला. घरचे म्हणाले, ‘नोकरी सोड, बोभाटा नको.’ रुई वेचणाऱ्या एका बाईने मात्र सांगितलं, ‘ताई, मलेबी असंच करते तो.’ तेव्हा ठरवलं, तक्रार करायची.

मालक स्वतःच छळ करत असेल तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक बायांपुढे असतो. 2013 च्या कायद्यात त्याचं उत्तर आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे. न नेमल्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पण माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दुकानात, शेतात, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही हाच मार्ग आहे. यवतमाळच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात समितीची चौकशी करा. तालुक्याला नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याकडे तक्रार दिली, तर त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे.

नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं हे सगळं छळच. नकार दिला म्हणून कामावरून काढण्याची धमकी देणं हेही त्यातच येतं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती वही. तारीख, वेळ, जागा, काय बोलले, कोण हजर होतं, हे त्या-त्या दिवशीच लिहा. मेसेज पुसू नका. कितीही किळस आली तरी ठेवा. विश्वासातल्या एका माणसाला लगेच सांगा. चौकशीत माझे मेसेज आणि त्या बाईची साक्ष, दोन्ही धरलं गेलं.

मुदत लक्षात ठेवा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तुमचं नाव जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पैसे घेऊन मिटवा म्हणणाऱ्याला सांगा, समितीपुढच्या समेटाचा आधार पैसा असू शकत नाही. समितीकडे गेल्यावरही पोलिसांचा रस्ता खुला असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 75 याच गुन्ह्यासाठी आहे. तातडीला 112, सल्ल्याला 181.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मार्च 2021 मध्ये हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठाच्या छळाविषयी चिठ्ठी लिहून जीवन संपवलं. हाती अधिकार असलेली बाईसुद्धा इतकी एकटी पडू शकते. म्हणून घरच्यांना माझी विनवणी आहे: लेक किंवा सून असं काही सांगू लागली, तर ‘नोकरी सोड’ हे पहिलं वाक्य नको. आधी पूर्ण ऐकून घ्या, मग तिच्यासोबत यवतमाळला या.

माझा हंगाम बुडाला, दुसरं काम मिळायला वेळ लागला. अहवाल माझ्या बाजूने आला, अडकलेला पगार मिळाला, आणि त्या बाईनेही स्वतःची तक्रार दिली. तुमच्या बाबतीत असं काही घडत असेल, तर पहिली नोंद आजच करा.