बिबळ्याचा पेला

मुलांनो, पाणी पिण्याचे भांडे म्हटले म्हणजे तांब्या अथवा फुलपात्र तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. लाकडाच्या पेल्यातूनही पाणी पितात, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. असा पेला बिबळ्याच्या लाकडाचा करतात. संस्कृतात या वृक्षास बीजक म्हणतात. त्याच्या सालीस खाच पाडली की रक्तासारखा तांबडा डिंक पाझरतो.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे मोठे जंगल आहे. लातूर जिल्ह्यात रान अगदी थोडे. कोठेही झाले तरी लाकूड वखारीतून आणावे, उभ्या झाडास कुऱ्हाड लावू नये.

पेला कोरणे हेच मोठे काम, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक मोठे काम त्याच्या आधीचे, आणि ते वाट पाहण्याचे आहे. ओल्या लाकडातील पाणी टोकांकडून लवकर उडून जाते, मधून सावकाश. त्यामुळे टोके आधी आकसतात व तडकतात. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात ओला ओंडका टाकला, तर त्यास भेगा पडल्याच म्हणून समजा. जाणता सुतार ओंडका उभा चिरतो, मधोमध असलेला भेंडाचा भाग टाकून देतो, टोकांस मेण फासतो आणि तुकडे कित्येक महिने सावलीत ठेवतो. आणखी एक गंमत अशी, की लाकूड सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते मध्यापासून सालीच्या दिशेने आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल पेला सुकल्यावर लंबगोल होऊन बसतो!

तुकडा सुकला की वाकसाने तासून त्यास गोलाई द्यावी, गिरमिटाने मध्ये भोके पाडावीत व पटाशीने आतील लाकूड थोडे थोडे काढावे. बूड मात्र जाड ठेवावे. ज्या बारीक नळ्यांतून झाड मुळांकडील पाणी वर नेते, त्यांची तोंडे पेल्याच्या बुडाशी येतात. बूड पातळ झाले, की पाणी तेथूनच झिरपू लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे गळका पेला कोण घरात ठेवील? शेवटी कानस व काचकागद फिरवावा. आतून रोगण लावू नये.

या पेल्यात रात्री भरून ठेवलेले पाणी सकाळी पिवळसर तपकिरी दिसते. ते काचेच्या भांड्यात ओतून उन्हात धरले, तर त्यावर निळसर झाक उमटते. लाकडातील काही द्रव्ये पाण्यात उतरतात; ती सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून घेतात व निळा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास प्रतिदीप्ती असे नाव आहे. मधुमेह झालेली माणसे हे पाणी औषध म्हणून पितात; पण त्यावर विसंबून डॉक्टरांचे औषध बंद करणे धोक्याचे होय. पुढे पुढे पाण्यास रंग येईनासा होतो. तेव्हा पेला आतून किंचित खरवडावा, म्हणजे ताजे लाकूड वर येते.