खंबीर मन म्हणजे गप्प मन नव्हे



२५ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. महाराष्ट्रात त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ मध्ये तर दहावी-बारावीच्या लेखी परीक्षाच झाल्या नाहीत. शाळा मोबाईलवर भरू लागली. कित्येक घरांत मोबाईल एक आणि भावंडे दोन-तीन! मोठ्यांना आजाराची आणि रोजगाराची चिंता होती. मुलांना काय, सुट्टीच आहे, असा अनेकांचा समज होता.

वास्तविक किशोरवय हे मित्रमैत्रिणींत मिसळून स्वतःची ओळख करून घेण्याचे वय. नेमके तेच दार बंद झाले. काहींचे आजी-आजोबा गेले, पण त्यांना शेवटचे पाहताही आले नाही. ते दुःख मनातच राहिले.

युनिसेफने २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे १४ टक्के तरुणांनी, म्हणजे सातांतील एकाने, आपल्याला वारंवार उदास वाटते किंवा कशातच रस वाटत नाही असे सांगितले. मनाचा त्रास असताना इतरांची मदत घेणे चांगले, असे आपल्याकडे केवळ ४१ टक्के तरुणांना वाटले. पाहणी झालेल्या २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. म्हणजे त्रास आहे, पण तो बोलून दाखवायची सोय नाही. साथ संपली तरी हा प्रश्न संपलेला नाही.

मग आपण काय करू शकतो?

१. ऐकून घेऊ या. उपदेश नंतर. "रडतोस काय, खंबीर हो" या शब्दांनी मूल खंबीर होत नाही, ते गप्प होते.

२. दिनक्रम सांभाळू या. या वयात ८ ते १० तास झोप आणि रोज तासभर खेळ किंवा व्यायाम हवा. झोपताना मोबाईल उशाशी नको.

३. जबाबदारी देऊ या. शेजारच्या आजींचे औषध आणून देणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे कळते. संकटात हीच जाणीव बळ देते.

४. वेळीच मदत घेऊ या. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास बिघडलेला असेल तर डॉक्टरांना भेटावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मिळते. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि उद्याची वाट पाहू नये.

घरी चर्चेसाठी :
- टाळेबंदीतील कोणती आठवण आजही मनाला बोचते?
- अडचणीच्या वेळी आपले मूल सर्वप्रथम कोणाकडे जाईल? ते त्यालाच विचारून पाहू या.