मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त : पकडण्याहून लस महत्त्वाची

एखाद्या बालकाला कुत्रा चावला की ग्रामपंचायतीकडे वा नगरपरिषदेकडे पहिली मागणी येते, ती कुत्री उचलून नेण्याची. ही मागणी स्वाभाविक आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु कुत्री नाहीशी केल्याने हा धोका टळतो काय?

मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली पारशी समाजाने दंगा केला होता. पुढे महापालिकेनेही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मोकाट कुत्री मारण्याचेच धोरण चालविले. तरीही कुत्री संपली नाहीत. उकिरडे आणि मांसविक्रीच्या दुकानांमागील टाकाऊ मांस जागच्या जागी राहिले, की मोकळ्या झालेल्या वस्तीत शेजारची कुत्री शिरतात व उरलेल्या माद्यांची पिलेही अधिक संख्येने जगतात. ही नवी कुत्री बहुधा लस न टोचलेली असतात.

म्हणूनच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर वेगळी जबाबदारी सोपविली आहे. कुत्रा इजा न करता पकडावा, त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच द्यावी आणि जेथून आणला तेथेच सोडावा. ही अखेरची पायरी ग्रामस्थांना सर्वांत अधिक खटकते. पण सारी योजना तिच्यावरच उभी आहे. लस टोचलेला कुत्रा आपली जागा राखतो व परक्या कुत्र्यांना सहसा शिरू देत नाही. शाळा, रुग्णालये, बसस्थानके आदी आवारांपुरता मात्र सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी वेगळा आदेश दिला. तेथून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे न सोडता निवाऱ्यात ठेवावयाची आहेत.

किती कुत्री पकडली, हा आकडा सभेत वाचून दाखविणे सोपे असते. रोग हटतो तो एकाच परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर, आणि तीही दरवर्षी. दहा गावांतून थोडी थोडी कुत्री उचलण्यात खर्च होतो, परिणाम नाही. गोव्याने राज्यभर लसीकरण, शाळांतून शिक्षण व रोगाचे सर्वेक्षण एकत्र चालविले. तीन वर्षे एकही मानवी मृत्यू न झाल्याने २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांमधील मासिक रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे.

शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. घरी मार बसेल या भीतीने मुले चावा, ओरखडा लपवितात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी धास्तीही अनेक घरांत टिकून आहे, वास्तविक ती लस केव्हाच बंद झाली. आता लस दंडात, चार-पाच वेळा टोचली जाते. जखमेवर चुना वा तिखट न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी ग्रामपंचायतीने आधीच करून ते नाव शाळेच्या सूचनाफलकावर लावावे.